वामकुक्षीची अट

श्यामकांत डबीर निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्यांनी बायकोला एक मिनीबस दिली. दिली हा त्यांचा शब्द. अलकनंदानं ती मागितली नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं ज्या गोष्टी खरोखर मागितल्या होत्या त्यांतल्या निम्म्या अजून यायच्या होत्या, आणि त्यांत चार चाकांचं काही नव्हतं.

मूळची ती कुठल्याशा शाळेची बस. फरीदाबादला ओमवीर नावाचा एक बॉडी-बिल्डर होता, म्हणजे दंड फुगवणारा नव्हे, गाड्यांची बॉडी बांधणारा. त्यानं तिच्यातली बाकं उपटली आणि आत पलंग, शेगडी, बेसिन, हातभर मोरी आणि जागा मिळेल तिथे कपाटं बसवली. छतावर एसी बसवला. असल्या गाडीला लोक कॅराव्हॅन म्हणतात. श्यामकांत तिला ‘चल-आवास’ म्हणत, कारण ते एका मंत्रालयात हिंदी अधिकारी होते आणि इंग्रजी शब्द दिसला की त्याला हिंदी कपडे चढवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अलकनंदा नुसतं ‘ती बस’ म्हणायची. दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरखाली, कडुनिंबाच्या सावलीत ती येऊन उभी राहिली त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं ‘कौन बीमार है?’ म्हणून विचारून गेली. पांढरा रंग श्यामकांतांनीच निवडला होता.

क्वार्टर जुलैअखेर रिकामं करायचं होतं. पुढचं एक वर्ष या बसमधून देश पाहत हिंडायचं आणि मग पुण्याला स्थायिक व्हायचं, हा श्यामकांतांचा बेत. अलकनंदाचा बेत याहून सुटसुटीत होता. तिचा बेत पुणे. तिथं तिची धाकटी बहीण सुनंदा राहत होती, सुनंदाच्याच इमारतीत एक मजला खाली डबीरांचा फ्लॅट बांधून तयार होता, आणि सुनंदानं त्यातल्या खिडक्यांची मापं घेऊन पडद्याचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं.

यावरून घरात महिनाभर धुसफूस चालली. श्यामकांत वाद घालायला उभे राहिले की मुद्दा एक, मुद्दा दोन असं मोजून बोलत, आणि अलकनंदा मुद्दा दोनच्या सुमाराला कुकर लावायला उठून जाई. शेवटी तिनंच तोड काढली. “मला त्या बसमध्ये एक वामकुक्षी धड होऊ द्या,” ती म्हणाली. “जेवण झाल्यापासून चहापर्यंत. मधे उठावं लागलं नाही, तर मी मुकाट्यानं वर्षभर येते. उठावं लागलं, तर बस विकायची आणि पुणं. बोला.”

“बिल्कुल मंजूर,” श्यामकांत म्हणाले.

ही अट कुणाला क्षुल्लक वाटली, तर त्यानं दिल्लीचा जून काढलेला नाही असं समजावं, आणि तो अलकनंदालाही ओळखत नाही. पहाटे उठून डबे, मग शाळेतली नोकरी, मग आल्यागेल्याचं, अशा दिवसात तिच्या एकटीच्या मालकीचा तेवढाच एक तुकडा होता. जेवून हात धुतले की डाव्या कुशीवर व्हायचं आणि चहाच्या वेळेला उठायचं. या वेळात बेल वाजवणारा पोस्टमनसुद्धा दुसऱ्यांदा वाजवत नसे. दिल्लीत येऊन तिनं बरंच काही सोडलं होतं, वामकुक्षी सोडली नव्हती.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जाड वायर खाली सोडून एसी चालू केला. झडपेशी हात धरला तर गार लागलं. श्यामकांतांनी चादर स्वतः अंथरली, पडदे ओढले आणि बाहेर कडुनिंबाखाली घडीची खुर्ची टाकून राखणीला बसले. अलकनंदा डाव्या कुशीवर झाली. नव्या रेक्झिनचा वास येत होता, पण बाहेरच्या उन्हापेक्षा आत बरं होतं. पापण्या जड झाल्या, आणि डोक्यावर ‘ठक्’ झालं.

एसी बंद. पंखा नुसता घरघरत राहिला. पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या पोळीला ऊन लागलं की तिचं जे होतं ते थोड्याच वेळात अलकनंदाचं झालं, आणि घामानं भिजून, कपाळाचं कुंकू भुवयांपर्यंत उतरलेल्या अवस्थेत ती दार उघडून बाहेर आली.

“काय झालं?” श्यामकांत धडपडत उठले.

“तुमचं वातानुकूलन संपलं,” ती म्हणाली आणि जिना चढून घरी गेली.

अट म्हणजे अट. तिथंच खेळ संपला असता. पण श्यामकांतांचा चेहरा असा काही उतरला की तिनं आपण होऊन सवलत दिली. यंत्राची चूक ही तुमची चूक नव्हे, ती म्हणाली, तेव्हा यंत्र नीट करून घ्या, जून संपेपर्यंत मी रोज निजून बघेन. तिला वाटलं, आपण मोठं मन दाखवलं. सुनंदाला फोनवर तसं सांगितल्यावर सुनंदा म्हणाली, “ताई, तू भोळीच राहिलीस. जिंकलेला डाव कुणी परत मांडतं का?”

दुसऱ्या दिवशी ओमवीर आला. हा आडदांड जाट गडी खालून हाका मारत यायचा आणि कुठल्याही बिघाडाला आधी शिवी आणि मग पाना लावायचा. त्यानं पलंगावर उभं राहून छताचं झाकण काढलं, जाळी धुतली, आणि झाकण उघडं ठेवून एसी चालवला. एसी शहाण्या मुलासारखा चालला. “मशीन तो टनाटन सै, साब,” ओमवीर म्हणाला. त्यानं झाकण लावलं, चहा प्याला आणि गेला. दुपारी अलकनंदा आडवी झाली, आणि ठक्.

मग श्यामकांतांचे मित्र गुणवंत आले. गुणवंत फरीदाबादच्या एका कारखान्यात विजेच्या खात्यात होते आणि त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड, त्यात त्यांच्या सुनेचा स्वभावही आला, व्होल्टेजमुळे होत असे. “वहिनी, तुमच्या घरातून येणारं व्होल्टेज पुरत नाही. एसी बिचारा दम टाकतो,” असं सांगून त्यांनी भलामोठा स्टॅबिलायझर आणून बसवला. त्यावर हिरवा दिवा लागला, काटा थरथरला, सगळं यथासांग झालं. दुपारी ठक्.

ओमवीरनं गॅस भरला. ठक्. गुणवंतांनी वायर बदलली. ठक्. छत तापतं म्हणून श्यामकांतांनी स्वतः शिडीवर चढून वर ओली पोती पसरली, तर पाणी खिडकीतून झिरपून चादरीवर आलं आणि मग ठक्. खास गोष्ट ही, की ओमवीर झाकण उघडून बघायला लागला की एसी कधीच बंद पडत नसे. त्याची पाठ फिरली की ये रे माझ्या मागल्या. “इसनै मेरा डर सै, आंटी जी,” ओमवीर छाती फुगवून म्हणाला. त्यावर अलकनंदा म्हणाली, तसं असेल तर तू रोज दुपारी इथंच येऊन उभा राहा, पण मग मी झोपणार कुठं.

हरण्याची धास्ती नसलेला माणूस निवांत असतो. अलकनंदा रोज दुपारी निवांतपणे बसमध्ये जायची, निवांतपणे घामाघूम व्हायची आणि बाहेर येऊन निवांतपणे एकेक दोष सांगायची. मसाल्याचं कपाट शेगडीच्या डोक्यावर कुणी ठेवतं का. उशाशी खिडकी आहे पण चष्मा ठेवायला बोटभर फळी नाही. खालच्या खणाचा तळ इतका पातळ की डाळीचा डबा ठेवला तर खड्ड्यात आदळल्यावर डाळ डांबरी रस्त्यावर. श्यामकांत मान डोलावत. दोष काढायचे तर आधी वस्तू नीट निरखावी लागते, हे तिच्या ध्यानात आलं नाही आणि त्यांच्याही नाही.

मग एका दुपारी ती उताणी झाली. ठक् होऊन गेलं होतं, उठायचं जिवावर आलं होतं, म्हणून छताकडे बघत पडली. आणि तिच्या मनात आलं, एसी बंद पडतो हे झालंच, पण पडण्याआधीसुद्धा वारा आपल्यापर्यंत पोचतो कुठे? घरघर तर एवढी असते. तिनं एसी पुन्हा सुरू होईस्तोवर वाट पाहिली आणि हात वर केला. झडपेशी बर्फासारखं गार, आणि वीतभर खाली काही नाही. झाकण उघडलं की हा चालतो, लावलं की रुसतो. म्हणजे जे काय होतं ते झाकणाच्या आत होतं.

ओमवीरला इतक्या वेळा बघितल्यावर झाकणाच्या चार फिरक्या काढायला काय लागतं. ती पलंगावर उभी राहिली, फिरक्या काढल्या आणि आत मान घातली. छताच्या त्या खोक्यात दोन वाटा होत्या. एकीतून गार हवा खाली यायची, दुसरीतून बसमधली गरम हवा वर जायची. आणि दोन्ही वाटांच्या मधे काहीच नव्हतं. भिंत नाही, पडदा नाही. झाकण लावलं की गार हवा खाली न येता शेजारच्या वाटेनं पुन्हा वर जात होती. वाढप्यानं पातेल्यातून घ्यायचं, पंगतीकडे पाठ करायची आणि पुन्हा पातेल्यातच ओतायचं, असा हा कारभार होता. थंडी मोजणारी तार तिथंच आत लोंबत होती. तिला वाटायचं, झालं, सगळे जेवले, आणि ती एसी बंद करायची. खाली अलकनंदा उपाशी आहे हे तिला कळणार कसं?

अलकनंदाला आधी स्वतःचं कौतुक वाटलं. तीन बाप्ये, एक स्टॅबिलायझर आणि एवढी ओली पोती जे करू शकली नाहीत ते तिनं उताणं पडून केलं होतं. हाक मारायला तिनं तोंड उघडलंही. मग तिच्या लक्षात आलं, की आपण हाक मारली तर एसी चालेल. एसी चालला तर झोप लागेल. आणि झोप लागली की पुणं गेलं.

तिनं तोंड मिटलं. चारही फिरक्या घट्ट लावल्या आणि नेहमीसारखी घामाघूम होऊन बाहेर आली.

“आज?” श्यामकांतांनी विचारलं.

“तेच,” ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

पुढचे काही दिवस तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. आपण फसवत नाही आहोत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. एसी दुरुस्त करणं हे अटीत तिच्या अंगावर नव्हतंच. तिचं काम निजायचं, ते ती रोज चोख करत होती. गुणवंत मोठा स्टॅबिलायझर काढून त्याहून मोठा बसवायला आले, तेव्हा तिनं त्यांना पन्हंसुद्धा दिलं. पुण्याला पाठवायच्या सामानासाठी तिनं बाजारातून रिकामी खोकी आणून बैठकीत रचली. सुनंदा फोनवर पडद्याचे रंग विचारायची आणि अलकनंदा उत्तरं द्यायची. जिंकत आल्याचा आनंद मात्र हवा तसा होत नव्हता.

कारण श्यामकांत बदलले होते. म्हणजे कुणाला वाटेल चिडले असतील, रुसले असतील. तसं असतं तर बरं झालं असतं. ते समजूतदार झाले होते. भाजीत मीठ कमी आहे म्हणेनात. वर्तमानपत्रातली हिंदीची चूक वाचून दाखवेनात. भिंतीवर लावलेला भारताचा नकाशा त्यांनी एका सकाळी आपण होऊन काढला, नीट गुंडाळला आणि ‘पुणे’ लिहिलेल्या खोक्यात उभा ठेवला. त्याच संध्याकाळी सुनंदाशी फोनवर ते म्हणाले, “हो, हो, येतोच आहोत. तुमच्या सोसायटीत हास्यक्लब आहे म्हणालात ना? मी नाव नोंदवीन.”

अलकनंदानं ते ऐकलं. या माणसाला हास्यक्लबात तोंड वासून उभं असलेलं तिनं डोळ्यांसमोर आणून बघितलं आणि तिला ते सोसेना. ज्या माणसाशी इतकी वर्षं भांडली त्याला भांडता येईनासं करून टाकायचं, हे जिंकणं नव्हे. तिला त्या रात्री स्वतःची लाज वाटली, अगदी स्पष्ट वाटली.

सकाळी पोहे झाल्यावर तिनं बैठकीतल्या एका खोक्याचं झाकण कात्रीनं कापून काढलं. “चला,” ती म्हणाली.

“कुठे?”

“तुमच्या चल-आवासात. आणि तो चिकटपट्टीचा रोल घ्या.”

श्यामकांत पलंगाशी स्टूल धरून उभे राहिले आणि अलकनंदानं छताचं झाकण काढून त्यांना सगळं दाखवलं. वाढपी, पंगत, पातेलं, सगळं. आपल्याला हे चार दिवसांपूर्वीच कळलं होतं हेही सांगून टाकलं. श्यामकांतांनी मान वर करून आत बघितलं. चार दिवसांचा हिशेब त्यांनी मागितला नाही. ते म्हणाले, “पण इथं मधे फळी असायला हवी ना? कारखान्यातून येताना असणारच. ओमवीरनं ती लावली का नाही?”

रागानं त्यांचे कान लाल झाले, आणि ते बघून अलकनंदाला किती दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं ओमवीरला फोन लावला आणि तिलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

“ओमवीर जी, वातानुकूलक के भीतर, मध्य में जो विभाजक पट्टिका होती है, वह कहाँ है?”

“के चीज, साब?”

“बीच का फट्टा रे,” अलकनंदा मधेच म्हणाली. “ठंडी हवा और गरम हवा के बीच का. कहाँ गया?”

“अच्छा, वो फट्टा. वो मेरे धोरे, मेरे पास धरा सै, आंटी जी. साब नै मना करी थी.”

“मैंने?” श्यामकांत म्हणाले.

“हाँ जी. मन्नै फोन करकै पूछी थी, बीच का फट्टा कित लगाऊँ. आप बोले, खाली रखिए. मन्नै फेर पूछी, कती खाली, एकदम? आप बोले, बिल्कुल खाली. तो मन्नै खाली छोड़ दिया.” ओमवीर जरा थांबला. “अजीब तो लगी थी, साब. पर आप ठहरे हिंदी के अफसर. आपकी बात मैं के काटता.”

फोन बंद झाला. 

अलकनंदाला तो दिवस आठवला. ती पुऱ्या तळत होती आणि श्यामकांत फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. एरवी बसमधलं ते तिला काही विचारत नसत, त्या दिवशी ती समोर होती म्हणून विचारलं. “ओमवीर विचारतोय, मधली फळी कुठं लावू?” तिला वाटलं, सामान ठेवायची फळी असेल. कढईवरची नजर न काढता ती म्हणाली होती, “खाली ठेवायला सांगा, माझा हात पोचला पाहिजे.” आणि श्यामकांतांनी, एका कानात बायको आणि दुसऱ्या कानात ओमवीर असताना, तिची मराठी तशीच्या तशी उचलून ओमवीरच्या हिंदीत ठेवली होती. मराठीतलं खाली खालीच राहिलं. हिंदीत पोचल्यावर ते रिकामं झालं.

श्यामकांत पलंगाच्या कडेवर बसले. ऑफिसातल्या प्रत्येक मराठी पोराच्या मसुद्यावर त्यांनी आयुष्यभर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘खाली’ नहीं, ‘नीचे’. हिंदी दिवसाच्या भाषणात हेच उदाहरण देऊन ते दरवर्षी हशा मिळवत.

“शब्द माझा होता,” अलकनंदा म्हणाली.

“शब्द तुझा,” ते म्हणाले, “पण पुढे पाठवला मी. मसुदा कुणाचाही असो, सही करणारा जबाबदार.” आणि एवढं बोलून ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला. ती पण हसली. हास्यक्लबाची गरज त्या घराला नव्हती, एवढं तिला त्या वेळी पक्कं कळलं.

ओमवीरची फळी यायला दोन दिवस लागणार होते, आणि जूनचे फारसे दिवस उरले नव्हते. म्हणून तिनं पुठ्ठा मापानं कापला, दोन्ही वाटांच्या मधे उभा बसवला आणि कडेनं चिकटपट्टी मारली. झाकण लावलं. एसी चालू केला. पंख्याची घरघर तीच, पण या वेळी वारा सरळ खाली आला आणि श्यामकांतांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस हलले.

त्या दुपारी जेवण लवकर झालं. श्यामकांत ताक पिऊन उठले. त्यांनी चादर अंथरली, पडदे ओढले आणि बाहेर जाताना दार इतक्या हळू लावलं की कडी वाजली नाही. अलकनंदा डाव्या कुशीवर झाली.

आता तिनं बहिणीला काय सांगायचं, हे ती मनात जुळवू लागली. सुनंदा रागावेल, आणि तिचं चुकणारही नाही. पडद्याचं कापड तर तिनं आजच घेतलं असेल. त्या फ्लॅटच्या खिडक्या अलकनंदानं अजून नीट पाहिल्यासुद्धा नव्हत्या. तिनं आजवर कुठल्याच घरात काही कुठं असावं हे ठरवलं नव्हतं. सरकारी क्वार्टरात कपाटं भिंतीतली, ओटा सरकारचा, खिळा मारायचा तर अर्ज. पुण्याचा फ्लॅट बिल्डरनं ठरवलेला आणि आतलं सुनंदानं. ही बस तेवढी अजून कुणीच पुरती ठरवलेली नव्हती.

गारवा आता सगळीकडे पसरला होता. डोक्यावर ठक् झालं नाही. अलकनंदानं डोळे मिटले, आणि मिटल्या मिटल्या उघडले. मसाल्याचं कपाट शेगडीवरून काढलं, तर तिथं ताटं उभी राहतील. आडवी ठेवली तर रस्ताभर वाजतील, उभी करून मधे जाड फडकं घातलं की झालं. लोणच्याची बरणी बेसिनखालच्या कपाटात. पण त्या कपाटाचं दार भिंतीकडे उघडतं, मग हात घालायचा कसा? तिनं मान उचलून बघितलं. बिजागरी उलट्या बाजूला हवी. पोळपाट कुठं जाईल? पोळपाटाला पलंगाखालची जागा चालेल, पण मग उशाशी चष्म्याची फळी हवीच. ती उठून बसली, वितीनं जागा मोजली आणि पुन्हा आडवी झाली. मग दुसऱ्या बाजूची मोजायला पुन्हा उठली. एसी इमानेइतबारे चालत होता.

चहाच्या वेळेला दारावर हलकेच टकटक झाली. श्यामकांत कपबशी हातात घेऊन उभे होते. उन्हात बसून तोंड लालबुंद झालं होतं आणि कपातला चहा बशीत सांडला होता.

“बंद पडला नाही ना?” त्यांनी विचारलं. “मी बाहेरून ऐकत होतो. मला तर चालू वाटला.”

“चालू होता.”

“मग झोप लागली?”

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हणायचं तिनं ठरवलंही होतं.

“नाही,” अलकनंदा म्हणाली. “डोळ्याला डोळा लागला नाही.”

श्यामकांतांनी मान हलवली. त्यांनी वाद घातला नाही. कप तिच्या हातात दिला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “अट म्हणजे अट. मी उद्या बस विकायचं बघतो.”

“बसा इथं,” ती म्हणाली. “आणि ते कपाट बघा. दार भिंतीकडे उघडतं. लोणच्याची बरणी मी वर्षभर काढायची कशी? ताटांची सोय नाही, पोळपाटाची नाही, चष्म्याची नाही. एवढं सगळं डोक्यात असल्यावर कुणाला झोप लागेल?”

श्यामकांत बसले. तिचं वाक्य त्यांना उलगडायला वेळ लागला. वर्षभर या शब्दाशी ते आले आणि तिथंच थांबले.

“पण अट?” ते हळूच म्हणाले.

“अट माझी होती, मी मोडली. तुम्हाला काही तक्रार?” तिनं चहाचा घोट घेतला. साखर दुप्पट पडली होती, तरी ती काही बोलली नाही. “ओमवीरला उद्या बोलवायला हवं. जुलैअखेरच्या आत सगळं होऊ दे.”

श्यामकांतांनी खिशातून फोन काढला. ते ओमवीरचा नंबर शोधू लागले.

“तुम्ही नको,” अलकनंदा म्हणाली आणि त्यांच्या हातून फोन घेतला. “मी बोलते.”